'एनपीएम इन्स्टॉल' होत नाही, लॉगिन होत नाही : आधी काय बघायचं?



उन्हाळी सुट्टीत नववीच्या काही मुलांना वेबसाइट बनवायला शिकवत होतो. दुसऱ्याच दिवशी रात्री एका विद्यार्थिनीच्या आईचा मेसेज आला. सोबत संगणकाच्या पडद्याचा फोटो, काळ्या खिडकीत लाल अक्षरांच्या दहा-बारा ओळी. खाली लिहिलं होतं, "सर, दोन तास झाले, बसून आहे. हिला हे जमणार नाही वाटतं. चित्रकलेच्या वर्गाला घालू का?"

फोटो मोठा करून पाहिला. मुलीने कमांड अगदी बरोबर टाइप केली होती. फक्त ती चुकीच्या फोल्डरमध्ये उभी राहून टाइप केली होती. एवढंच!

वेब डेव्हलपमेंट शिकताना बरीच मुलं इथेच गळतात. प्रोग्रामिंग अजून सुरूही झालेलं नसतं. सामान जमवतानाच काहीतरी अडतं आणि घरात निष्कर्ष निघतो की "याला जमत नाही". म्हणून आजचा लेख तुमच्यासाठी. तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नसलं तरी चालेल. लाल ओळी वाचायच्या कशा एवढं कळलं, तरी मुलाला बरीच मदत करता येते.

एक सूचना : या लेखात सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये मात्र त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय?

वेबसाइट बनवताना प्रत्येक गोष्ट कोणी स्वतः लिहीत नाही. तारीख नीट दाखवणं, फॉर्म तपासणं, चित्रांची सरकती पट्टी, अशी हजारो कामं इतरांनी आधीच करून ठेवलेली असतात. अशा तयार कोडच्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. आणि ती पॅकेजेस शोधून, आणून, योग्य जागी ठेवणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर. पायथॉनसाठी 'पिप', पीएचपीसाठी 'कंपोझर', तसा जावास्क्रिप्टसाठी 'एनपीएम'. तो 2010 मध्ये आयझॅक श्लूटर यांनी सुरू केला. नोड जेएस इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत तो आपोआप येतो.

वाण्याकडची खरेदी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तीन नावं लक्षात राहतील.

'पॅकेज.जेसन' ही फाइल म्हणजे सामानाची यादी. 'नोड मॉड्यूल्स' हे फोल्डर म्हणजे घरी आलेलं सामान. आणि 'पॅकेज-लॉक.जेसन' म्हणजे पक्की पावती, म्हणजे कोणती वस्तू नेमक्या कोणत्या आवृत्तीची आली याची नोंद.

सामान खराब झालं तर टाकून द्यायचं आणि यादीवरून पुन्हा आणायचं. यादी मात्र हरवायची नाही. म्हणूनच प्रकल्प पेनड्राइव्हवर घेताना 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर घेऊ नये. त्यात हजारो बारीक फाइली असतात, कॉपी अर्धवट होते आणि दुसऱ्या संगणकावर भलत्याच चुका दिसू लागतात. यादी आणि पावती न्यावी, तिथे 'एनपीएम इन्स्टॉल' द्यावं.

सगळ्यात आधी : इशारा आणि चूक वेगळी ओळखा

'वॉर्न' शब्दाने सुरू होणारी ओळ म्हणजे इशारा. 'हे पॅकेज जुनं झालंय', 'यात सुरक्षेच्या काही त्रुटी आहेत' असं ती सांगते. काम बहुधा झालेलं असतं. मुलं पिवळी अक्षरं बघूनच घाबरतात.

'एरर' किंवा 'ईआरआर' असं लिहिलेल्या ओळी म्हणजे खरी चूक. त्यातही सगळं वाचायची गरज नाही. 'कोड' या शब्दापुढे मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक शब्द असतो, तो शोधा. आजार ओळखायला डॉक्टर आधी ताप बघतात, तसा हा शब्द. मुलाला तो वहीत लिहायला सांगा. पुढचं सगळं त्या शब्दावरून ठरतं.

इन्स्टॉल करताना येणाऱ्या अडचणी

1. 'एनपीएम' ही कमांडच ओळखत नाही. विंडोजवर 'नॉट रेकग्नाइज्ड' असं येतं. याची दोनच कारणं. एक तर नोड जेएस टाकलेलंच नाही, किंवा टाकलंय पण संगणकाला ते कुठे आहे हे माहीत नाही. प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे याची यादी संगणकाकडे असते, तिला 'पाथ' म्हणतात. टर्मिनल उघडं असतानाच नोड इन्स्टॉल केलं, तर त्या खिडकीला नवा पाथ कळलेला नसतो. खिडकी बंद करून नवी उघडा. एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. कोड एडिटरच्या आतलं टर्मिनल असेल तर पूर्ण एडिटर बंद करून उघडा. मग 'नोड --व्हर्जन' आणि 'एनपीएम --व्हर्जन' द्या. दोन्हींना आकडे आले की पाया तयार.

तरीही आकडे आले नाहीत तर नोड जेएसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच 'एलटीएस' लिहिलेली आवृत्ती घ्या. शाळेतल्या जुन्या संगणकांवर विंडोज 7 असेल तर एक लक्षात ठेवा : नोडच्या 14 व्या आवृत्तीपासून विंडोज 7 चा आधार काढलेला आहे. तिथे मुलाचा काही दोष नाही, यंत्रच जुनं आहे.

2. 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड'. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हा संदेश येतो. नोड नीट बसलेलं असतं, पण पॉवरशेल सुरक्षेसाठी स्क्रिप्ट चालवू देत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पॉवरशेलऐवजी साधं 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. तीच कमांड तिथे चालते. पॉवरशेलचा नियम बदलताही येतो, पण शाळेच्या संगणकावर तो परस्पर बदलू नये.

3. 'ईएनओईएनटी', पॅकेज.जेसन सापडत नाही. वर सांगितलेल्या मुलीची अडचण हीच. यादी एका खोलीत आणि आपण उभे दुसऱ्याच खोलीत. टर्मिनलमध्ये कर्सरच्या आधी फोल्डरचा पत्ता दिसतो, तो मुलाला मोठ्याने वाचायला लावा. मग 'सीडी' कमांडने प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जायचं. झिप फाइल उघडल्यावर अनेकदा एकाच नावाचं फोल्डर आत फोल्डर असं तयार होतं. अशा वेळी एक पायरी आणखी आत जावं लागतं.

4. 'ईजेसनपार्स'. यादीच्या फाइलमध्ये लिहिण्याची चूक आहे. शेवटच्या ओळीनंतर जास्तीचा स्वल्पविराम, नाहीतर अवतरणचिन्ह राहून गेलेलं. मराठीच्या तासाला विरामचिन्हांचा कंटाळा करणाऱ्या मुलांना इथे त्यांची किंमत कळते!

5. 'ईॲक्सेस' किंवा 'ईपर्म'. दोन्हींचा अर्थ परवानगी नाही. मॅक किंवा लिनक्सवर 'डॅश जी' लावून, म्हणजे पूर्ण संगणकासाठी पॅकेज टाकताना हे येतं. इंटरनेटवर याला पटकन उत्तर मिळतं, 'पुढे सुडो लाव'. ते करू नका. सुडो म्हणजे घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या अनोळखी पाहुण्याच्या हातात देणं. इन्स्टॉल होताना पॅकेज स्वतःचा कोडही चालवू शकतं, हे विसरू नका. त्याऐवजी 'डॅश जी' काढा आणि पॅकेज फक्त प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टाका. शिकणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

विंडोजवर 'ईपर्म' आलं तर बहुधा एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली असते. चालू सर्व्हर बंद करा, एडिटर बंद करा, प्रकल्प वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर बाहेर काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

6. 'ईटाइम्डआउट', 'ईनॉटफाउंड'. पॅकेज जिथून येतात त्या कोठारापर्यंत, म्हणजे रजिस्ट्रीपर्यंत, संगणक पोहोचत नाही. 'एनपीएम पिंग' देऊन बघा. मग मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तीच कमांड द्या. हॉटस्पॉटवर चाललं तर दोष शाळेच्या नेटवर्कमधल्या अडथळ्याचा आहे, तो संगणक कक्ष सांभाळणाऱ्यांनाच सोडवू द्या. हॉटस्पॉटवरही चाललं नाही तर दोष याच संगणकात असू शकतो, पण तेवढ्यावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच शिकवतो ना?

7. प्रमाणपत्राची चूक, 'सर्ट' ने सुरू होणारी. आमच्या संगणक कक्षात एकाच संगणकावर हे येत होतं, बाकी सगळे चालू. तासभर शोधलं. शेवटी एका मुलाने खाली कोपऱ्यात बोट दाखवलं. संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागची होती! मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की बंद केलेला संगणक तारीख विसरतो. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा असतात, त्यामुळे चुकीच्या तारखेला खरं प्रमाणपत्रही खोटं ठरतं. तारीख दुरुस्त केली, काम झालं. अशा वेळी 'स्ट्रिक्ट एसएसएल बंद कर' असा सल्ला मिळतो. तो मानू नका. त्याने चूक दिसेनाशी होते, पण समोरचा खरा आहे का हे तपासणंच बंद पडतं.

8. 'ईरिझॉल्व्ह'. दोन पॅकेजेसना तिसऱ्या पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या आहेत आणि एनपीएमला तोडगा सापडत नाही. 2020 मध्ये आलेल्या 7 व्या आवृत्तीपासून एनपीएम याबाबत कडक झालं. जुना व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांना ही चूक हमखास भेटते. उदाहरणार्थ, 'क्रिएट रिॲक्ट ॲप' या साधनावर असंख्य व्हिडिओ आहेत, पण नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नका असं रिॲक्टच्या चमूने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगून टाकलं. म्हणून आधी व्हिडिओची तारीख बघा. जमलं तर नवा धडा निवडा, नाहीतर व्हिडिओत वापरलेल्याच आवृत्त्या टाका. 'डॅश डॅश फोर्स' हा उपाय नव्हे. आज भांडण मिटल्यासारखं दिसतं, उद्या साइट चालत नाही.

9. 'ई404'. या नावाचं पॅकेज नाही. बहुतेक वेळा स्पेलिंगची चूक. पण चुकीच्या नावाचं पॅकेज *सापडलं*, तर ते जास्त धोक्याचं. 2017 मध्ये 'क्रॉस-एन्व्ह' या लोकप्रिय पॅकेजसारखंच, फक्त मधली आडवी रेघ नसलेलं एक पॅकेज कोणीतरी रजिस्ट्रीवर ठेवलं होतं. घाईत रेघ विसरणाऱ्यांच्या संगणकातली गुप्त माहिती ते बाहेर पाठवत होतं. तेव्हा नाव अधिकृत पानावरून अक्षर न् अक्षर जुळवून मगच एंटर दाबायचं.

हे सगळं करूनही अडलंच, तर 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर काढून टाका आणि पुन्हा 'एनपीएम इन्स्टॉल' द्या.

लॉगिनच्या अडचणी

इथे पहिला प्रश्न, लॉगिन हवंय कशाला?

सार्वजनिक पॅकेज *आणण्यासाठी* एनपीएमवर खातं लागत नाही. वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचायला सभासद व्हावं लागत नाही, तसंच. खातं लागतं ते स्वतःचं पॅकेज प्रसिद्ध करायला किंवा एखाद्या संस्थेची खाजगी पॅकेजेस वापरायला. शिकणाऱ्या मुलाला पहिले अनेक महिने लॉगिनची गरजच पडत नाही.

मग साधं पॅकेज आणताना 'ई401', म्हणजे 'ओळख पटत नाही', असं का येतं? दोन कारणं तपासा.

पहिलं, लॅपटॉप आई-बाबांच्या ऑफिसचा आहे का? अनेक कंपन्यांची स्वतःची रजिस्ट्री असते आणि लॅपटॉपवर तिचाच पत्ता बसवलेला असतो. 'एनपीएम कॉन्फिग गेट रजिस्ट्री' द्या. उत्तरात 'रजिस्ट्री.एनपीएमजेएस.ऑर्ग' सोडून दुसरा पत्ता आला तर कारण सापडलं. ऑफिसच्या लॅपटॉपची रचना मात्र बदलू नका, मुलाला दुसरा संगणक द्या.

दुसरं, संगणकात कधीतरी केलेल्या लॉगिनचं जुनं टोकन पडून आहे का? लॉगिन झाल्यावर एनपीएम एक लांबलचक गुप्त अक्षरमाळ '.एनपीएमआरसी' नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. मुदत संपलेला बसचा पास दाखवला तर कंडक्टर उतरवणारच. 'एनपीएम लॉगआउट' द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

आता मूल मोठं झालंय, त्याला खरंच पॅकेज प्रसिद्ध करायचंय असं धरू. 'एनपीएम लॉगिन' दिलं की एक दुवा येतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि पुढचं लॉगिन तिथे होतं. इथे अडलं तर हे बघा :

- लॉगिन झालं, पण कोणाचं? सामायिक संगणकावर ब्राउझरमध्ये आधीच्या विद्यार्थ्याचं खातं उघडं असू शकतं. 'एनपीएम हूॲमआय' ही कमांड कोण आत आहे ते नावानिशी सांगते.
- सहा अंकी कोड चुकीचा म्हणतंय? ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड घड्याळावर चालतो. मोबाइलची वेळ 'आपोआप' वर ठेवा. पुन्हा घड्याळच!
- 'ई403', परवानगी नाही. ओळख पटली, पण हे काम करायची मुभा नाही. ते नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचं असेल, तोच आवृत्ती क्रमांक आधी वापरलेला असेल किंवा ईमेलची पडताळणी राहिली असेल.
- 'ई402', पैसे भरा. घाबरू नका. '@' ने सुरू होणाऱ्या नावाचं पॅकेज एनपीएम खाजगी धरतं आणि खाजगी पॅकेजला पैसे पडतात. 'डॅश डॅश ॲक्सेस पब्लिक' जोडलं की ते फुकट प्रसिद्ध होतं.

तास संपताना सामायिक संगणकावर 'एनपीएम लॉगआउट' द्यायलाच हवं, ब्राउझरमधूनही बाहेर पडायचं. फळा पुसल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, तशीच ही सवय लावा.

पासवर्डचं एवढं काय?

मुलं विचारतात, "सर, माझ्या खात्यात आहेच काय चोरायला?" त्यांना दोन खऱ्या घटना सांगा.

जुलै 2018 मध्ये 'ईएसलिंट-स्कोप' या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये घातक कोड घुसला. देखभाल करणाऱ्या एका व्यक्तीने तोच पासवर्ड दुसऱ्या ठिकाणीही वापरला होता आणि दुहेरी पडताळणी लावलेली नव्हती. घुसवलेला कोड नेमकी लोकांची एनपीएमची टोकनं चोरत होता.

सप्टेंबर 2025 मध्ये तर 'चॉक', 'डीबग' यांसारख्या पॅकेजेसच्या अनुभवी देखभालकर्त्याला एनपीएमच्या मदत विभागासारखा दिसणारा ईमेल आला, 'तुमची दुहेरी पडताळणी अद्ययावत करा'. दुवा खोटा होता. काही वेळातच त्याच्या पॅकेजेसमध्ये पैसे पळवणारा कोड टाकला गेला. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला 2 अब्जांहून जास्त वेळा उतरवली जात होती.

अनुभवी माणूसही एका घाईच्या क्लिकवर फसतो. म्हणून ईमेलमधल्या दुव्यावरून कधीही लॉगिन करायचं नाही, पत्ता स्वतः टाइप करायचा. आणि मदत मागताना पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यात टोकन, पासवर्ड किंवा कोड दिसत नाही ना, हे बघायचं.

मुलाने मदत मागितली तर...

कीबोर्ड त्याच्या हातातून काढून घेऊ नका. फक्त पाच प्रश्न विचारा :

1. तू काय करायला गेला होतास?
2. कोणती कमांड दिलीस?
3. कोणत्या फोल्डरमध्ये होतास?
4. 'कोड' पुढे कोणता शब्द आला?
5. काल चालत होतं का? मग आज काय बदललं?

माझा अनुभव सांगतो, निम्म्या वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मूल स्वतःच "अरे हो!" म्हणतं. उरलेल्या वेळी ही पाच उत्तरं घेऊन कोणाही जाणकाराकडे गेलात, तर त्याला लगेच मदत करता येते. नुसतं "चालत नाही" यावर कोणीच काही सांगू शकत नाही. वर्गात एक 'चुकांची वही' ठेवा. तारीख, आलेला शब्द, सापडलेलं कारण, केलेला उपाय. दुसऱ्या वर्षीच्या मुलांना ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडते.

त्या रात्री मी त्या ताईंना उत्तर पाठवलं, "तिला काळ्या खिडकीतला फोल्डरचा पत्ता मोठ्याने वाचायला सांगा, बाकी काही सांगू नका." दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. या वेळी लाल अक्षरं नव्हती. खाली मुलीनेच लिहिलं होतं, "सर, मी चुकीच्या घरात शिरले होते."

आमच्या चुकांच्या वहीतली पहिली नोंद तिच्या हातची आहे.